मोफत फोटो-सेवेने अटी बदलल्या: आधी काय वाचवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बरीच वर्षं एका मोफत सेवेवर फोटो चढवत आलात आणि आता तिचा मेल आलाय. मोफत जागा कमी होणार, फोटो बाहेरच्या पानांवर दाखवायचे तर पैसे पडणार, आणि ठरलेल्या तारखेनंतर मर्यादेबाहेरचे फोटो काढून टाकले जाणार. पैसे भरावेत, दुसरीकडे जावं, की थोडं थांबून बघावं?

लोकांचे फोटोसंग्रह एका सेवेवरून दुसरीकडे हलवून देणं हे माझं काम. असा मेल आलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न "आता कुठे जाऊ?" हा असतो. खरं तर त्याची पाळी बरीच नंतर येते. आधी बघायचं ते तुमचं नेमकं काय धोक्यात आहे. सेवेवर ठेवलेल्या एका फोटोत तीन वेगळ्या गोष्टी असतात: खुद्द फाइल, तिच्याबद्दलची माहिती (तारीख, ठिकाण, शीर्षक, अल्बम) आणि तिचा पत्ता, म्हणजे लिंक. अटी बदलतात तेव्हा तिन्हींवर एकदम घाव क्वचितच पडतो. कशावर पडलाय ते न बघता धावाधाव केली, तर नको ते वाचतं आणि हवं ते जातं.

फोटोबकेटचं 2017 सालचं प्रकरण पाहा. ही सेवा 2003 मधली. फोटो तिथे ठेवायचे आणि लिंक देऊन दुसऱ्याच पानावर दाखवायचे, हाच तिचा मोठा वापर. 2017 च्या मध्याला तिने अटी बदलल्या आणि यासाठी वर्षाला 399.99 डॉलरची योजना घ्यावी लागेल असं जाहीर केलं. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या फोटोंच्या जागी "खातं अपडेट करा" अशा अर्थाची पाटी दिसू लागली. विक्रीची पानं, दुरुस्तीचे सचित्र धडे, छंदांवरची वर्षानुवर्षांची टिपणं, सगळीकडे तीच पाटी. फाइली मात्र खात्यात शाबूत होत्या. तुटला होता तो फक्त पत्ता.

फ्लिकर या फोटो-सेवेचं उलट झालं. 2013 मध्ये तिथे प्रत्येकाला 1 टेराबाइट मोफत मिळाली होती. एप्रिल 2018 मध्ये स्मगमग या दुसऱ्या फोटो-कंपनीने फ्लिकर विकत घेतलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मोफत खात्याला 1000 फोटो-व्हिडिओंची मर्यादा जाहीर केली. जास्तीचं सगळं काढलं जाणार होतं, तेही सर्वांत जुन्यापासून. मुदत आधी फेब्रुवारी 2019 ची होती, ती 12 मार्चपर्यंत वाढवली गेली. इथे घाव थेट फाइलींवर होता, आणि ज्यांची दुसरी प्रत असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्या जुन्या फाइलींवर सर्वांत आधी.

गूगल फोटोजने 1 जून 2021 पासून अमर्याद मोफत जागा बंद केली, पण त्या दिवशी कुणाचं काही पुसलं नाही. त्याआधी 'उच्च गुणवत्ता' या पर्यायाने चढवलेले फोटो हिशेबात धरले नाहीत, नवे मात्र 15 जीबीच्या कोट्यात मोजायला सुरुवात झाली. तो कोटा जीमेल आणि ड्राइव्हशी सामायिक आहे. फोटोंनी तो भरला की नवे मेल येणं थांबतं, आणि हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं. इम्गुर या फोटो-सेवेने मे 2023 मध्ये आणखी वेगळी गोष्ट केली: कुठल्याच खात्याला न जोडलेले, जुने, वापरात नसलेले फोटो काढायचं ठरवलं. लॉगिन न करता चढवलेल्या फोटोंना मालकच नसतो, त्यामुळे ते उतरवून घ्यायला "माझे फोटो" असं पानही नसतं. ते शोधायचे तर तुमच्या लिखाणातल्या लिंका धरूनच.

हे सगळं असं का होतं यात गूढ काही नाही. साठवलेला प्रत्येक फोटो कंपनीला दर महिन्याला खर्चात पाडतो आणि संग्रह कधी आटत नाही, वाढतच जातो. बाहेरच्या पानावर दाखवलेल्या फोटोत तर डेटा पाठवायचा खर्च सेवेचा आणि जाहिरात दिसते त्या दुसऱ्या पानावरची. तेव्हा चिडायचं तर चिडा, पण मुदतीची तारीख आधी कॅलेंडरमध्ये टाका.

आता कामाला लागू. सेवेने पाठवलेला मेल बाजूला ठेवा आणि मूळ अटींचं पान उघडा. मेल गोड भाषेत लिहिलेला असतो. "तुमचा अनुभव आणखी चांगला करण्यासाठी" वगैरे. अटींत शोधायचं ते हे: बदल जुन्या फोटोंनाही लागू आहे का, मर्यादा ओलांडल्यावर फोटो पुसणार की नुसते लपवणार, आणि मुदतीनंतर मूळ फाइल उतरवता येईल का. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण काही सेवा पाहायला देतात पण मूळ आकारात उतरवायला पैसे मागतात. ते पान लगेच पीडीएफ करून ठेवा. अटींची पानं गुपचूप बदलतात आणि पुढे वाद घालायची वेळ आली तर हाताशी काहीतरी असावं.

मग लॉगिन करून बघा. हे सांगावं लागतं, कारण पुष्कळांच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला असतो आणि खातं ज्या ईमेलवर उघडलं तो कधीच बंद पडलेला असतो. मुदतीच्या आदल्या दिवशी सेवेने "ईमेलवर कोड पाठवला आहे" म्हटलं की खेळ खलास. ईमेल आजच बदलून घ्या.

फाइली उतरवायला लावताना एक फोटो हातात घेऊन तपासा. ज्याची मूळ प्रत तुमच्याकडे नक्की आहे असा निवडा आणि सेवेवरून आलेल्या फाइलशी दोन आकडे ताडून पाहा: लांबी-रुंदी किती पिक्सेल आणि फाइल किती एमबी. मूळ 24 मेगापिक्सेलचा असेल आणि उतरवलेला 16 चा निघाला, तर सेवेने तो चढवतानाच लहान केला होता. गूगलच्या मोफत पर्यायात 16 मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो असेच कमी केले जात. अशा वेळी जुना फोन, कॅमेऱ्याची कार्डं, कपाटातली हार्ड डिस्क यांत मूळ सापडतंय का ते आधी शोधा, कारण सेवेकडून मूळ आता मिळणार नाही. फोनवर "जागा मोकळी करा" हे बटण कधी दाबलं होतं का, तेही आठवा. ते बटण ढगात, म्हणजे सेवेच्या सर्व्हरवर, प्रत आहे असं बघून फोनमधली काढून टाकतं. त्यानंतर सेवेवरची प्रत हा बॅकअप राहत नाही, तीच एकमेव प्रत होते. आणि फोनवर सिंक चालू असताना ॲपमधून फोटो पुसून जागा करायला जाऊ नका, दोन्हीकडचे जातील.

माहितीचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण इथेच घोडं पेंड खातं. गूगलच्या टेकआउटमधून, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून, संग्रह मागवला की झिप फाइलींचा ढीग येतो. (तुकड्यांचा आकार निवडता येतो. इंटरनेट मध्येच तुटत असेल तर लहान घ्या. डाउनलोडची लिंक साधारण आठवडाभरच चालते.) झिप उघडल्यावर वर्षांच्या नावाचे फोल्डर दिसतात आणि त्यांत प्रत्येक फोटोशेजारी जवळपास त्याच नावाची एक जेसन फाइल, म्हणजे त्या फोटोची माहिती लिहिलेली साधी मजकुराची फाइल. पुष्कळ जण या फाइली कचरा समजून पुसतात. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या बाबतीत फार बिघडत नाही. तारीख आणि कॅमेऱ्याचे तपशील एक्झिफ नावाच्या ठरावीक स्वरूपात फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेले असतात. पण जुने छापील फोटो स्कॅन करून चढवले असतील आणि सेवेत बसून एकेकाला हाताने तारीख दिली असेल, नावं लिहिली असतील, तर ती मेहनत फोटोत नसते. ती फक्त त्या जेसनमध्ये असते.

जेसन उघडून पाहिलं तर फोटो काढल्याची वेळ एका लांबलचक आकड्यात दिसेल. समजा तिथे 1400000000 आहे. 1 जानेवारी 1970 पासून उलटलेले हे सेकंद. त्याचा अर्थ 13 मे 2014, दुपारी 4 वाजून 53 मिनिटं 20 सेकंद, पण जागतिक प्रमाणवेळेनुसार. टोकियोत त्या क्षणी 14 मे लागून जवळपास दोन तास झालेले असतात. म्हणून या आकड्यावरून तारखा परत फोटोत लिहिताना वेळेचा फरक धरला नाही, तर रात्रीचे समारंभ आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी जाऊन बसतात. हे काम करायला फिल हार्वी यांचं एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर आहे. मोफत आहे, अनेक वर्षांचं जुनं आहे आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. ते कमांडवर चालतं, त्यामुळे सुरुवातीला धाकधूक वाटेल. दहा-बारा फोटोंच्या वेगळ्या प्रतीवर चालवून बघा आणि मगच सगळ्या संग्रहाकडे वळा.

आणखी एक खोच. फाइलचं नाव लांब असेल तर जेसनचं नाव मध्येच कापलं जातं, मग जोड्या जुळत नाहीत. सेवेतच काटछाट केलेल्या फोटोची वेगळी फाइल येते पण तिच्यासाठी वेगळं जेसन नसतं, मूळ फोटोचंच वापरावं लागतं. अल्बममधले फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये एकदा आणि अल्बमच्या फोल्डरमध्ये पुन्हा, असे दोनदा येतात. म्हणून "माझे फोटो अचानक दुप्पट कसे झाले?" हा प्रश्न आला की मला अल्बम आठवतात. दुबार फोटो काढायला घाई करू नका. कुठला फोटो कुठल्या अल्बममध्ये होता, एवढंच सांगायला कधीकधी ती दुसरी प्रत शिल्लक असते. संगणकावर सगळ्या फाइलींना आजची तारीख दिसली म्हणून घाबरायचंही कारण नाही, ती झिप उघडल्याची तारीख आहे. आतली एक्झिफ तारीख वेगळी असते.

इतरांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया आणि दुसऱ्यांच्या सामायिक अल्बममधले फोटो तुम्ही उतरवलेल्या संग्रहात येतीलच असं नाही. हवे असतील तर आत्ताच वेगळे जपून ठेवा.

सगळं उतरलं की मोजणी. सेवेवर दाखवलेला आकडा आणि तुमच्या फोल्डरमधला आकडा जुळला म्हणजे काम झालं असं नाही. शून्य बाइटच्या फाइलीही मोजल्या जातातच. प्रत्येक झिप अखंड आहे का ते तपासा, फोल्डर आकारानुसार लावून सर्वांत लहान फाइली बघा, आणि वेगवेगळ्या वर्षांतले काही फोटो पूर्ण उघडून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पाहा. अर्धवट उतरलेल्या जेपीजीचा वरचा भाग नीट दिसतो आणि खाली राखाडी पट्टा येतो. लहान चौकटीत तो लक्षातच येत नाही. दुसऱ्या डिस्कवर प्रत करताना दोन्हीकडच्या फाइलींचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तपासणीचा आकडा, काढून ताडला, तर प्रत करताना काही बिघडलं का ते कळतं.

आता पत्ते. तुमचे फोटो फक्त बघण्यासाठी असतील तर हा भाग सोडा. पण स्वतःच्या साइटवर, विक्रीच्या पानांवर, शिकवण्याच्या साहित्यात तुम्ही सेवेच्या लिंका दिल्या असतील, तर सर्वांत किचकट काम हेच, आणि ते जुन्या लिंका जिवंत आहेत तोवरच सोपं असतं. आधी सगळ्या लिखाणाचा मजकूर एका जागी उतरवा आणि त्यात सेवेचं डोमेन, म्हणजे तिच्या वेबपत्त्यातलं मुख्य नाव, शोधा. जितक्या लिंका सापडतील त्यांची यादी करा: कुठल्या पानावर, कुठली लिंक. ही यादीच पुढच्या सगळ्या कामाचा आधार.

फ्लिकरच्या लिंकेत काय काय असतं ते जवळून बघण्यासारखं आहे. त्यात फोटोचा एक लांब क्रमांक असतो, त्यानंतर अक्षर-अंकांचा गुप्त तुकडा आणि शेवटी आकार सांगणारं एक अक्षर. बी असेल तर मोठी बाजू 1024 पिक्सेल, झेड असेल तर 640. मूळ फाइलचा गुप्त तुकडा मात्र या आकारांपेक्षा वेगळा असतो. त्यामुळे पानावरच्या लिंकेचं अख्खं नाव उतरवलेल्या फाइलच्या नावाशी जुळवायला गेलात तर जुळणारच नाही. जुळतो तो क्रमांक, कारण उतरवलेल्या फाइलच्या नावातही तो असतो. क्रमांकावर जोड्या लावा, मग जुनी लिंक आणि नवी लिंक अशी दोन रकान्यांची यादी तयार होते. ती साइटच्या मजकुरावर चालवली की शोधा-आणि-बदला एवढंच उरतं. इतर सेवांतही असा एखादा न बदलणारा क्रमांक बहुधा असतोच, तो शोधून काढा.

नवी लिंक कुठे न्यायची यावर माझं मत ठाम आहे: स्वतःच्या डोमेनवर. त्याखाली फोटोंसाठी एक उपडोमेन करा आणि सगळ्या लिंका त्याच पत्त्याच्या द्या. फोटो प्रत्यक्षात कुठल्या सर्व्हरवर आहेत ते मागे बदलता येतं. उद्या त्या सर्व्हरवाल्यानेही अटी बदलल्या तर फाइली त्याच नावांनी नव्या जागी ठेवा, डोमेनची नोंद तिकडे वळवा, पानांवरची एकही लिंक बदलावी लागणार नाही. डोमेनचं नूतनीकरण मात्र चुकवू नका, नाहीतर तोच पत्ता दुसऱ्याच्या हाती जाईल.

दुसऱ्यांच्या पानांवर गेलेल्या तुमच्या लिंका तुम्हाला बदलता येत नाहीत. त्यांतली महत्त्वाची पानं मुदतीआधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट) जतन करायला लावा, पान फोटोंसकट राहण्याची निदान शक्यता तरी उरते. बाकीचं सोडून द्या. दहा वर्षांत कुणी न उघडलेलं पान दुरुस्त करत रात्र जागवण्यात अर्थ नाही.

मग पैसे भरायचे की नाही? मुदत जवळ असेल आणि संग्रह मोठा असेल तर महिन्याची योजना घेऊन श्वास घ्यायला जागा मिळवणं हा माझ्या मते वाजवी खर्च आहे. वर्षभराची योजना घाबरून घेऊ नका. फोटोबकेटमध्ये पुढच्याच वर्षी नेतृत्व बदललं आणि दर कितीतरी खाली आले. आरडाओरडा झाला की मुदती वाढतात, दर उतरतात, हे बऱ्याचदा दिसतं. मात्र त्या भरवशावर डाउनलोड पुढे ढकलू नका. सेवा खरोखर आवडत असेल, तिथली माणसं ओळखीची असतील, तर पैसे देऊन राहणंही चुकीचं नाही. एवढंच की तीच एकमेव प्रत नसावी.

"अमर्याद मोफत" म्हणणाऱ्या दुसऱ्या सेवेकडे उडी मारणं मला सर्वांत कमी पटतं. 2018 च्या अखेरीस फ्लिकर सोडून जे गूगल फोटोजकडे गेले, त्यांना अडीच वर्षांत तोच मेल पुन्हा आला. स्वतःच्या सर्व्हरवर पिविगो किंवा इमिच ही फोटोसंग्रहाची सॉफ्टवेअरं चालवता येतात आणि दोन्ही चांगली आहेत, पण सर्व्हर सांभाळायची हौस असेल तरच. तिथे अटी बदलणारं कुणी नसतं, आणि डिस्क गेली तर जबाबदारही तुमच्याशिवाय कुणी नसतं. प्रतींसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 हा हिशेब पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. बाजूला ठेवून द्यायच्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क घ्या. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहण्यासाठी नाही.

अटींतल्या परवान्याच्या कलमावर लोक फार घाबरतात. "जगभर लागू, विनामूल्य, पुढे इतरांना देता येण्याजोगा परवाना" हे शब्द वाचून फोटोंची मालकी गेली असं वाटतं. मालकी जात नाही. फोटो वेगवेगळ्या आकारांत करून वेगवेगळ्या सर्व्हरवरून दाखवायला सेवेला काहीतरी परवानगी लागतेच. बघायचं ते परवाना कशापुरता आहे. सेवा चालवण्यापुरता असेल तर ठीक. जाहिरातीसाठी किंवा एआय प्रशिक्षणासाठी असेल तर विचार करा. 2012 च्या डिसेंबरात इन्स्टाग्रामने फोटो जाहिरातींशी जोडणारी भाषा आणली होती, ती गदारोळानंतर काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. 2024 मध्ये फोटोबकेट आपल्याकडचा साठा एआय प्रशिक्षणासाठी देण्याच्या वाटाघाटी करत असल्याची बातमी रॉयटर्सने दिली होती. पडून राहिलेलं जुनं खातं हे असं कुणाच्या तरी उपयोगी पडतं.

म्हणून सेवा सोडायची ठरली असेल तर खातं बंद करायचंच, पण लगेच नाही. लिंका बदलल्यावर काही महिने ते तसंच ठेवा आणि काय काय तुटलेलं दिसतंय ते पाहा. पैसे भरले असतील तर कार्डाची नोंद आणि आपोआप नूतनीकरण आधी काढा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे इतरांना ठरलेल्या अटींवर मोफत वापरायला, फोटो दिले असतील तर आणखी थोडं थांबा. तो परवाना मागे घेता येत नाही, आणि विकिमीडिया कॉमन्ससारख्या (विकिपीडियाचा खुला फोटोसाठा) ठिकाणी कुणी तुमचा फोटो नेला असेल तर तिथे स्रोत म्हणून तुमच्या जुन्या पानाचीच लिंक असते. फ्लिकरने 1000 ची मर्यादा लावली तेव्हा 1 नोव्हेंबर 2018 पूर्वी अशा परवान्याखाली दिलेले फोटो पुसायचे नाहीत असं ठरवलं होतं. तुमच्या सेवेने तशी सूट दिलीय का ते बघा. दिली असेल तर ते फोटो तिथेच राहू द्या आणि बाकीचे काढा.